बाहेरगावचं कपल शूट: आधी तिथी बघा, मग लेन्स

साखरपुडा आणि लग्न या दोन्ही कामांत फोटोग्राफरला एक मोठी सोय असते: वेळ गुरुजी ठरवतात, जागा हॉलवाला ठरवतो, आपण बॅटऱ्या भरून हजर राहायचं. प्री-वेडिंगचं तसं नाही. जागा, वेळ, उजेड, गाडी, कपडे बदलायची खोली, दुपारचं जेवण, सगळं आपल्या गळ्यात येतं. त्यात बाहेरगावी जायचं असेल तर एक चुकलेली वेळ म्हणजे अख्खा दिवस पाण्यात.

तरीही बहुतेक जण तयारी सुरू करतात ती पोझपासून. मोबाइलवर पन्नास रील्स जमवायच्या आणि जागेवर जाऊन त्या उतरवून काढायच्या. माझं मत उलट आहे. जागा कोणत्या वेळेला कशी दिसते हे ज्याला नीट ठाऊक आहे, त्याला पोझची फारशी गरज पडत नाही. म्हणून या लेखात कॅमेऱ्याआधी पंचांग येईल, आणि लेन्सआधी भरती-ओहोटी.

तारीख कशी काढायची

आपल्याकडे लग्नाचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो. आषाढी ते कार्तिकी एकादशी हा चातुर्मास, त्यात मुहूर्त नसतात. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरातल्या लग्नाचं प्री-वेडिंग आपसूक सप्टेंबर-ऑक्टोबरात येतं. देशावर तेव्हा डोंगर हिरवे असतात, पण पावसाचा भरवसा नसतो आणि ऑक्टोबरची दुपार चटके देते. एप्रिल-मेच्या लग्नांचं शूट जानेवारी-फेब्रुवारीत होतं. कोकणासाठी हा उत्तम काळ. हवा कोरडी, आकाश स्वच्छ, गर्दी डिसेंबरअखेरपेक्षा कितीतरी कमी.

लग्नाच्या किमान सहा आठवडे आधी शूट उरका. पत्रिकेसोबत पाठवायचा व्हिडिओ, हॉलच्या दारातला फ्रेम केलेला फोटो, हे सगळं त्या फोटोंवर अडलेलं असतं. शिवाय शेवटच्या महिन्यात मुलगी बस्त्यात आणि ब्लाउजच्या फिटिंगमध्ये अडकलेली असते, मुलगा सुट्टी वाचवत असतो. कोणाच्याच चेहऱ्यावर उसंत नसते.

पावसाळ्यात करायचंच असेल तर राखीव तारीख आधीच लिहून घ्या. आणि धबधब्याच्या पात्रात जोडप्याला उभं करायचं नाही, कितीही गळ घातली तरी. वर डोंगरात पाऊस झाला की खाली कोरड्या हवेतही पाणी अचानक वाढतं. जून 2024 मध्ये लोणावळ्याला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली माणसं अशीच वाहून गेली. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन अनेक धबधब्यांवर बंदीचे आदेश काढतं, ते निघण्याच्या आदल्या दिवशी पाहून घ्यावेत. धुकं, ओला रस्ता, कौलांवरून गळणारं पाणी, छत्री, एवढ्यात पावसाचं सुंदर शूट होतं.

पहिली बैठक: चहा घ्या आणि ऐका

पहिल्या भेटीत पॅकेजचा कागद पुढे सरकवण्याआधी दोन गोष्टी काढून घ्या. पहिली, हे दोघं एकमेकांना किती ओळखतात. प्रेमविवाह असेल तर प्रश्न नाही. पण कांदेपोह्यांचं लग्न असेल, आणि आजवर दोन-तीनदाच भेटले असतील, तर तुमच्या कॅमेऱ्यासमोर ते पहिल्यांदा हात धरणार आहेत. त्या दिवसाची आखणी वेगळी करावी लागते. सोबत करवली किंवा चुलतभाऊ येणार असेल तर त्यालाही काम द्या: रिफ्लेक्टर धरणं, पदर सांभाळणं. नाहीतर तो मागून हसत उभा राहतो आणि नवरामुलगा आणखीच आखडतो.

दुसरी, हे फोटो कोण कोण पाहणार. काही समाजांच्या बैठकांत प्री-वेडिंगविरुद्ध ठराव झालेले आहेत, आणि घरोघरी आजी-आजोबांचं म्हणणं वेगळं असतंच. लग्नात मोठ्या पडद्यावर जे लागतं ते दोन्हीकडच्या मावशा, काका, ऑफिसचे साहेब, सगळे पाहतात. म्हणून सुरुवातीलाच ठरवून टाका की निवड दोन भागांत होईल: एक पडद्यावरची, एक फक्त दोघांची. हे न विचारता केलं की ऐन लग्नाच्या दिवशी सासरेबुवा स्क्रीन बंद करायला सांगतात.

कपड्यांचं याच बैठकीत बोला. जास्तीत जास्त तीन बदल, बाहेरगावी तर दोनच. नऊवारी नेसायला, नेसवणारी सराईत असली तरी, अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास संध्याकाळच्या उजेडातून कापला जातो. म्हणून नऊवारी नेहमी पहिली, दुपारीच, खोलीवर नेसून निघायचं. बारीक चौकटीचा शर्ट फोटोत लहरी उठवतो, भडक निऑन रंग गळ्यावर आणि हनुवटीवर आपली छटा फेकतो, दोन्ही टाळा. पैठणीची जर समोरच्या फ्लॅशने मेल्यासारखी सपाट दिसते. उजेड बाजूने तिरका येऊ द्या, म्हणजे पदरावरचा मोर न मोर उठून दिसतो. खण आणि इरकल कोकणातल्या मातीच्या भिंतींपुढे फार शोभतात. आणखी एक बारीक गोष्ट: मंगळसूत्र आणि हिरवा चुडा लग्नाआधी घालायला लावू नका. मुलीने हौसेने घातला तरी तिच्या आईला तो फोटो खटकतो.

जागा निवडताना

एक उदाहरण घेऊन बोलू. पुण्या-मुंबईच्या जोडप्यांना दीड दिवसात जमणारी जागा म्हणून मी दापोलीची किनारपट्टी सुचवतो: मुरूड, कर्दे, हर्णै, आंजर्ले. इथे समुद्र आहे, सुपारीच्या वाड्या आहेत, जांभ्या दगडाचे गडगे आहेत, आंजर्ल्याला टेकडीवर कड्यावरचा गणपती आहे आणि तिथून समुद्रातला सुवर्णदुर्ग दिसतो. थोड्या अंतरात चार वेगवेगळी चित्रं. जोडप्याला पत्ता पाठवताना मात्र ‘दापोली मुरूड’ असं स्पष्ट लिहा, शक्यतो लोकेशनच पाठवा. जंजिऱ्याचं मुरूड रायगड जिल्ह्यात आहे. चुकीच्या मुरुडात उतरलेली गाडी संध्याकाळच्या उजेडात परत येत नाही.

शक्य असेल तर आधी एक चक्कर मारा. नसेल तर ज्या घरगुती निवासात उतरणार त्या काकांना फोन करा आणि थेट विचारा: वाडीत ऊन किती वाजता उतरतं? किनाऱ्यावर शनिवारी घोडागाड्या आणि जीपगाड्या किती असतात? खाडीच्या बाजूला रस्ता खणलाय का? कोकणातला माणूस या प्रश्नांची उत्तरं कोणत्याही ॲपपेक्षा नेमकी देतो, आणि वर जेवणात सोलकढी किती हवी तेही विचारून घेतो.

भरतीचं गणित

किनाऱ्यावरच्या शूटमध्ये सगळ्यात जास्त फसगत इथे होते. भर भरतीला पाणी सुरूच्या झाडांपर्यंत येतं, चालायला पट्टा उरत नाही, वाळू मऊ आणि पायांनी तुडवलेली. ओहोटी लागली की तीच जागा आरशासारखी होते. ओल्या वाळूवर आकाशाचा रंग उतरतो आणि जोडप्याचं प्रतिबिंब पायाशी मिळतं.

हे आधी कळण्याचा कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारी आणि पहाटे. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल आणि वद्य, दोन्ही पक्षांना हाच हिशेब. भरती रोज सुमारे पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, म्हणून ही पाऊणपट जुळते. गावागणिक तासाभराचा फरक पडतो, तेव्हा तारीख यावरून काढा आणि नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यावरून किंवा कोळीवाड्यात विचारून पक्की करा.

आता हे शूटला लावून बघू. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी. त्यातून ते उधाणाचे दिवस, पाणी फार आत जातं, किनारा अवाढव्य रुंद होतो. मोकळं, एकाकी वाटणारं दृश्य हवं असेल तर हेच दिवस. तृतीया ते पंचमी मला जास्त आवडतात: भरती सव्वादोन-पावणेचारला होऊन गेलेली, सूर्यास्ताला पाणी उतरत असतं, नुकती ओली झालेली वाळू चकचकीत आणि पावलांचे ठसे नसलेली मिळते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा. ऐन सूर्यास्ताला भरती. त्या दिवशी किनारा सोडा, टेकडीवर जा. दशमी-एकादशीला संध्याकाळी पाणी चढत असतं. अशा वेळी जोडप्याला खडकांवर नेऊ नका. परतीची वाट पाण्याखाली जाते आणि तुमचं लक्ष व्ह्यूफाइंडरमध्ये असतं.

दिनदर्शिका भिंतीवर असतेच. तारीख मागणाऱ्या जोडप्याला मी आधी शनिवार-रविवार विचारत नाही, तिथी बघून दोन-तीन पर्याय देतो आणि त्यातून त्यांनी सुट्टी जुळवायची.

पश्चिम किनाऱ्याचा उजेड

आपला समुद्र पश्चिमेला. सूर्य पाण्यात मावळतो, हे सगळ्यांना माहीत. सकाळची गंमत मात्र फार जण वापरत नाहीत. सूर्य मागच्या डोंगरावरून आणि माडांवरून वर यायला वेळ घेतो, तोवर किनारा सावलीत असतो. उजाडल्यानंतरचा तो पाऊण-एक तास मऊ, निळसर, सारख्या उजेडाचा. डोळे मिचकावायला लागत नाहीत, चष्म्यावर चकाकी नाही, किनाऱ्यावर माणूस नाही. जवळून घ्यायचे चेहरे मी याच वेळेसाठी राखून ठेवतो.

सूर्यास्ताच्या वेळा ढोबळ लक्षात ठेवा: नोव्हेंबर ते डिसेंबरमध्यापर्यंत सहाच्या आसपास, जानेवारीच्या मध्यात सव्वासहानंतर, फेब्रुवारीच्या मध्यात साडेसहा ओलांडून, मेमध्ये सात. ‘पाच वाजता सुरू करू’ हा मेमधला बेत डिसेंबरात चालत नाही. हिवाळ्यात चारलाच जोडपं तयार होऊन गाडीत बसलेलं हवं. डोंगराळ भागात आणखी एक वजाबाकी करा. वाईसारख्या ठिकाणी पश्चिमेला डोंगर असतो, सूर्य घड्याळातल्या सूर्यास्ताच्या बराच आधी त्यामागे जातो.

कोकणाचे दोन रंगदोष ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. माड-पोफळीखाली चेहऱ्यावर हिरवट झाक येते, आणि जांभ्याच्या भिंतीजवळ किंवा लाल मातीवर उभं केलं की गालाखाली, मानेवर तांबूस. स्वयंचलित व्हाइट बॅलन्स (रंग खरे दिसावेत म्हणून कॅमेरा करतो ती जुळवाजुळव) या दोन्हीत दर फ्रेमला गोंधळतो. जागा बदलली की करड्या कार्डाचा एक फोटो घ्या किंवा केल्विन (उजेडाच्या रंगाचा आकडा) हाताने लावा, उघड्या सावलीत साडेसहा-सात हजारांपासून सुरुवात करून. वाडीत छायेत उभं करण्यापेक्षा वाडीच्या कडेला, तोंड मोकळ्या आकाशाकडे करून उभं केलं की हिरवी झाक निम्मी आपोआप जाते.

परवानग्या, आणि काही जागा सोडून देणं

पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूंत हातातल्या कॅमेऱ्याला सहसा कोणी अडवत नाही, पण ट्रायपॉड, लाइट आणि व्यावसायिक शूट म्हटलं की लेखी परवानगी लागते. ती आधी काढा, नाहीतर तो विषय सोडा. गडकिल्ल्यांबद्दल मी स्पष्टच सांगतो: प्री-वेडिंगसाठी गडावर जाऊ नका. दुर्गप्रेमी संस्था आक्षेप घेतात आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. कास पठारही सोडा. ते 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. फुलांच्या दिवसांत तिथे प्रवेशसंख्येवर मर्यादा असते, आणि घागरा पसरून फुलांत बसण्याची ती जागा नव्हे.

वाईजवळचा मेणवलीचा घाट मात्र अजून माझा आवडता. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेच्या पायऱ्या आणि वसईच्या मोहिमेनंतर आणलेली ती मोठी पोर्तुगीज घंटा. गावकऱ्यांना शूटिंगची सवय आहे, तरी घाटावर कोणी कपडे धूत असेल किंवा दिवसकार्य चालू असेल तर थांबावं. गोव्यात पणजीच्या फोंताइन्हास भागात घरांबाहेर ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लागल्या आहेत. कोणाच्या दारात, त्यांच्या पायरीवर अनोळखी जोडपं दिवसभर मिठ्या मारत बसलं तर आपणही तीच पाटी लावू. पाटी दिसली की पुढे चालू लागावं, वाद घालू नये.

ड्रोन उडवणार असाल तर 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे चाला. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर हिरवा, पिवळा, लाल असा नकाशा आहे. हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, लाल भागात केंद्राच्या परवानगीशिवाय नाव काढू नका. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट प्रमाणपत्र नको. त्याहून जड ड्रोनने धंद्याचं काम करायचं तर हवं. पुण्यात लोहगावला हवाई दलाचा तळ आणि खडकवासल्याला एनडीए, गोव्यात दाबोळीला नौदल, म्हणजे आपल्या नेहमीच्या जागांच्या आसपासच भानगड आहे. स्थानिक पोलिसांचे वेगळे मनाई आदेशही अधूनमधून निघतात.

बॅग

फार सामान नेऊ नका. दोन बॉडी, 35 आणि 85 एमएमच्या प्राइम (झूम नसलेल्या लेन्स), एक 70-200 (लांबचं जवळ आणणारी झूम), एक फ्लॅश, पाच रंगांचा घडीचा रिफ्लेक्टर. दोन कार्डं एकाच वेळी लिहिणारी बॉडी असेल तर ती सोय कायम चालू ठेवा. सेफ्टी पिना, टाचणीची डबी, टिशू, साधी पांढरी चादर, चप्पल आणि पाण्याच्या बाटल्या, या गोष्टी लेन्सइतक्याच कामाला येतात. विमानाने जात असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत.

एसी गाडीतून कॅमेरा काढून थेट किनाऱ्यावर नेला की लेन्सवर दव धरतं, पुसलं तरी पुन्हा येतं. पोचायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करा, बॅग बंदच ठेवा, हळूहळू बाहेरच्या हवेला येऊ द्या. रात्री मुक्कामाला गेल्यावर खारा वारा बसलेली बॉडी किंचित ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसा. वाळूच्या जागी लेन्स बदलू नका. दोन बॉडी त्यासाठीच आहेत.

प्रत्यक्ष शूट

पहिली वीस मिनिटं चांगला फोटो मिळण्याची अपेक्षाच ठेवू नका. 70-200 लावून लांब उभे राहा आणि दोघांना नुसतं चालायला सांगा. पाण्याच्या कडेने जा, त्या होडीपर्यंत, आणि परत या. लांबून कॅमेरा जाणवत नाही, आवाज पोचत नाही, हळूहळू खांदे खाली येतात. मग 85 घेऊन जवळ जा, 35 सगळ्यात शेवटी.

‘रोमँटिक बघा’ ही सूचना बंद करा. माणसाला करण्यासारखं काहीतरी द्या. ‘दादा, ताईंच्या पदराला वाळू लागलीय, झटका बरं.’ ‘ताई, यांना विचारा, बघायला आले तेव्हा पोहे खरंच आवडले होते का?’ या प्रश्नावर बहुतेक जण हसतात, आणि प्रश्नापेक्षा उत्तरानंतरचा क्षण चांगला मिळतो, म्हणून उत्तर आलं तरी बटण सोडू नका. लाजणाऱ्या जोडप्याला एकमेकांकडे बघायला लावण्यापेक्षा दोघांना एकाच गोष्टीकडे बघायला लावा: लांबचा मचवा, पाण्यातला सुवर्णदुर्ग. खांदा खांद्याला लागतो आणि अवघडलेपण जातं.

हात हा सगळ्यांचा प्रश्न. मोकळा हात लोंबकळतो, म्हणून त्याला कुठेतरी टेकू द्या: निऱ्या, कुर्त्याचं बटण, दुसऱ्याचं मनगट. बोटं सैल, मूठ नको, पंजा सपाट नको. वजन मागच्या पायावर. उंचीत फार फरक असेल तर देवळाची पायरी, वाळूचा चढ किंवा बसलेली फ्रेम वापरा, टाचा उंच करायला लावू नका, ते चेहऱ्यावर दिसतं.

आकडे थोडक्यात. दोघं एकाच अंतरावर असतील तर एफ 2 (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा, तो लहान तितकं मागचंपुढचं धूसर) चालतं. एक पुढे एक मागे असेल तर एफ 2.8 ते 4, नाहीतर नवरीच्या पापण्या टोकदार आणि नवरा धूसर. शटरचा वेग चालताना 1/500 सेकंद, पळताना किंवा गिरकी घेताना 1/1000. सूर्यास्ताच्या काळ्या आकृत्यांसाठी आकाशावर एक्स्पोजर धरा, आणि दोघांच्या नाकांमध्ये बोटभर आकाश दिसू द्या. चेहरे चिकटले की आकृतीचा एकच गोळा होतो. सूर्य बुडाला म्हणून सामान आवरू नका. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं जांभळट आकाशाची, त्यात फ्लॅश अगदी मंद ठेवून चेहऱ्यावर थोडाच टाकला की पुरे.

व्हिडिओवाला वेगळा असेल तर वेळ आधीच वाटून घ्या. त्याचा गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा दांडा) आणि तुमची 35 एकाच वेळी जवळ आल्या की दोघांचंही काम बिघडतं. पहिला अर्धा तास तुमचा, पुढची वीस मिनिटं त्याची, असं तोंडी ठरलं तरी भांडण टळतं.

प्रवासाच्या फ्रेम

बाहेरगावी गेलात आणि परत फक्त दोन चेहऱ्यांचे फोटो घेऊन आलात तर तिथवर जाण्याचा अर्थ काय? अल्बममध्ये दर आठ-दहा फोटोंमागे एक असा फोटो हवा ज्यात जोडपं नाही किंवा अगदी लहान आहे. आंजर्ल्याच्या पायवाटेवरचा शेवाळलेला जांभा, निवासाच्या ओटीवर वाळत घातलेली सुपारी, गाडीच्या काचेवरचं ताम्हिणीतलं धुकं. हर्णैच्या बंदरावर दुपारनंतर मासळीचा लिलाव चालतो. टोपल्या, बर्फ, बोली, चिखलातले पाय. जोडपं तयार होत असतं तेव्हा तुम्ही एकटे जाऊन या. कोळीणबाईंना विचारून फोटो काढा, काढल्यावर दाखवा, आणि त्यांच्या धंद्याच्या मध्ये उभे राहू नका. जोडप्याला नऊवारीत त्या लिलावात नेऊन सजावट म्हणून उभं करणं मला पटत नाही. तिथली माणसं पोटासाठी उभी असतात.

या फ्रेम काढताना वेळ नोंदवा. तुमच्या फोटोंतली घड्याळाची वेळ हीच पुढच्या खेपेची टाचण: वाडीत ऊन कधी उतरलं, पाणी कुठवर होतं, टेकडीवर सावली कधी आली.

जेजुरी: लग्नानंतरचं शूट

प्री-वेडिंगला नकार देणारी घरंही जेजुरीला नाही म्हणत नाहीत. नवं जोडपं खंडोबाला जातं, नवरा बायकोला उचलून पायऱ्या चढतो, निदान पाच तरी, आणि मग भंडारा उधळला जातो. यात पोझ सांगायची वेळच येत नाही. तुम्ही दोन पायऱ्या पुढे, मागे न बघता उलटं चढणं मात्र धोक्याचं, म्हणून सोबत्याने तुमच्या कमरेला हात लावून चालावं. उचलताना नवऱ्याचा पहिला श्वास, मागे सासूबाईंचं हसू, आणि पाचव्या पायरीनंतर ‘पुरे आता’ म्हणणारी नवरी, हे सगळं दहा सेकंदांत होतं. सलग फोटो घेण्याची सोय चालू ठेवा, 35 एमएम लावा.

भंडाऱ्याचा फोटो उजेडाच्या विरुद्ध बाजूने घ्या. सूर्य त्यांच्या मागे तिरका असला की हळदीचा कण न कण पेटतो. सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर तोच भंडारा नुसता पिवळा डाग दिसतो. 1/1000, एफ 4. उधळणाऱ्यांना सांगा, वर टाका, चेहऱ्यावर नको, आणि दोघांना श्वास धरून डोळे मिटायला सांगा. कॅमेऱ्याला प्लास्टिकचं आवरण, लेन्सला यूव्ही फिल्टर. बाहेर येणारी झूम टाळा, हळद नळीत शिरते. काचेवर बसलेली हळद आधी ब्लोअरने उडवा. थेट फडकं मारलं की चरे पडतात. साडीवरची हळद कोरडीच झटकायची. घाईने साबण लावला तर डाग लाल होतो, आणि मग फोटोग्राफरलाच बोलणी बसतात.

रविवार आणि सोमवती अमावास्या टाळा, गर्दीत पायरी दिसत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी लवकर जा, दीपमाळांवर तिरका उजेड असतो. गाभाऱ्यात कॅमेरा काढण्याआधी पुजाऱ्यांना विचारा.

परतल्यावर

मुक्कामाच्या रात्रीच कार्डं लॅपटॉपवर आणि एका बाहेरच्या डिस्कवर उतरवा. डिस्क दुसऱ्याच्या बॅगेत ठेवा. घरी आल्यावर तिसरी प्रत क्लाउडवर किंवा दुसऱ्या पत्त्यावर. अल्बम हातात पडेपर्यंत कार्डं कोरी करायची नाहीत.

रंगकाम करताना त्वचेला हात लावा तो शेवटी आणि कमी. मुलगी सावळी असेल तर सावळीच दिसू द्या. बऱ्याचदा घरचे लोकच ‘थोडी उजळ करा’ म्हणतात, तेव्हा मुलीला एकटीला विचारा, तिचं उत्तर वेगळं असतं. पावसाळी हिरव्याला निळसर करून टाकणारे तयार प्रीसेट कोकणाला शोभत नाहीत.

दोन-तीन दिवसांत पंधरा-वीस फोटोंची झलक पाठवा, बाकीचे ठरलेल्या तारखेला. करारात एवढं असू द्या: आगाऊ रक्कम, संपादित फोटोंचा अंदाज, रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ, संपादन न केलेल्या) फाइल्स देणार की नाही, प्रवास-मुक्काम-प्रवेशशुल्क कोणाकडे, पावसाची राखीव तारीख, आणि फोटो तुमच्या पानावर टाकण्याची दोघांची वेगवेगळी लेखी संमती. दोघांची म्हणतोय, कारण सहसा एकच जण सही करतो आणि दुसऱ्याला ते ऑफिसातल्या मैत्रिणीकडून कळतं. लग्न लागेपर्यंत काहीच टाकू नका. ठरलेली लग्नं मोडतात, आणि मग ते फोटो काढून टाकण्याची विनंती घेऊन मुलीचा भाऊ फोन करतो. त्यासाठीही एक ओळ करारात हवी: लग्न मोडल्यास सर्व ठिकाणचे फोटो सात दिवसांत काढले जातील, पैसे परत मिळणार नाहीत, आणि प्रती फक्त ज्याच्या त्याच्या एकट्याच्या फोटोंच्या दिल्या जातील.